जाड्या-रड्या हावड्यात

विनोदी जोड्यांच्या इतिहासात आज आपण कोलकात्याला जाणार आहोत. नेमकं सांगायचं तर हुगळी ओलांडून पलीकडे, हावडा शहरातल्या शिबपूर भागात. तिथल्या एका घरात एक माणूस पन्नास वर्षांहून अधिक काळ दोन पोरांची चित्रं काढत बसला होता. एक हडकुळा, एक गोलमटोल. पुढे ती दोन पोरं कागदावरून उठली आणि कार्टून होऊन टीव्हीच्या पडद्यावर धावायला लागली.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? कार्टून म्हणजे पोरांचा खेळ. पण यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फार जुना आहे. दोन माणसं मिळून लोकांना हसवतात. ती थकतात, मरतात. जोडी मात्र लोकांना हवीच असते. मग तिचं कार्टून होतं. अशा वेळी मूळ विनोदातलं नेमकं काय उरतं आणि काय गळून पडतं? आणि जे उरतं ते कोणाचं असतं?

सुरुवात कोलकात्यातून नको, अमेरिकेतून करू.

मेलेल्या भिडूशी संवाद

लॉरेल आणि हार्डी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. मराठीत त्यांना आपण 'जाड्या-रड्या' म्हणतो. हे नाव ज्याला कुणाला सुचलं त्याला मी मनापासून दाद देतो. एकाचं नाव शरीरावरून, दुसऱ्याचं सवयीवरून. संकट आलं की स्टॅन लॉरेल डोक्यावरचे केस ओढत, तोंड वेडंवाकडं करून रडायला लागतो. ते रडणं ज्यानं पडद्यावर पाहिलं असेल त्याला 'रड्या' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

ही जोडी १९२७ च्या सुमारास हॅल रोचच्या स्टुडिओत जमली. त्यांच्या 'द म्युझिक बॉक्स'ला १९३२ साली ऑस्कर मिळालं. त्याची गोष्ट एका ओळीत सांगता येते. दोघांना एक पियानो लांबलचक जिन्यावरून वर न्यायचा असतो. बस्स. जवळजवळ अर्धा तास पियानो वर जातो आणि खाली घरंगळतो. त्यातलं हसू घसरण्यात कमी आणि घसरण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या थांब्यात जास्त आहे. सगळं कोसळून झाल्यावर हार्डी कॅमेऱ्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे, एक लांब नजर टाकतो. 'बघा, कोणाशी गाठ पडलीये माझी,' असं ती नजर म्हणते.

हार्डी १९५७ साली गेला, लॉरेल फेब्रुवारी १९६५ मध्ये. आणि १९६६ साली दोघं टीव्हीवर परत आले, कार्टून म्हणून. लॅरी हार्मन नावाच्या गृहस्थाने त्यांच्या प्रतिमांचे हक्क मिळवले होते. बोझो नावाच्या विदूषकाला अमेरिकेत घरोघरी पोहोचवणारा हाच माणूस. त्यानं हॅना-बार्बेरा या स्टुडिओबरोबर पाच-पाच मिनिटांची १५६ कार्टून्स केली. लॉरेलचा आवाज हार्मननं स्वतःच दिला, हार्डीचा जिम मॅकजॉर्ज यानं.

आता हॅना-बार्बेराची कामाची पद्धत लक्षात घ्या. टीव्हीसाठी कार्टून स्वस्तात आणि भराभर करायचं असेल तर प्रत्येक चित्र नव्यानं काढणं परवडत नाही. म्हणून शरीर स्थिर ठेवायचं आणि फक्त तोंड, डोळे, हात हलवायचे. त्यांच्या योगी बेअरला कपडे नाहीत, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. त्याचं कारण हेच. कॉलरच्या खालचं धड तसंच ठेवून वरचं डोकं तेवढं बदलता येतं. या हिशेबात हार्डीची ती लांब नजर कुठे बसणार? जिवंत माणूस स्तब्ध राहिला की त्याच्या मनात काय चाललंय ते आपल्याला दिसतं. अशा कार्टूनमधलं पात्र स्तब्ध राहिलं की वाटतं, चित्र अडकलं. म्हणून थांबे गेले आणि त्यांच्या जागी धावपळ आली. टोपी राहिली, टाय राहिला, जाड-बारीकपणा राहिला. वेळ साधण्याची कला मात्र गेली.

याहून चटका लावणारं उदाहरण पुढच्याच वर्षीचं, १९६७ चं. अ‍ॅबट आणि कॉस्टेलो ही अमेरिकेतली दुसरी गाजलेली जोडी. त्यातला लू कॉस्टेलो १९५९ सालीच वारला होता. बड अ‍ॅबट जिवंत होता, सत्तरीला आलेला, करखात्याच्या वसुलीनं कंगाल झालेला. हॅना-बार्बेरानं या जोडीचं कार्टून काढलं, पुन्हा १५६ भाग, आणि त्यात अ‍ॅबटचा आवाज खुद्द अ‍ॅबटनं दिला. कॉस्टेलोचा आवाज स्टॅन अर्विन नावाच्या दुसऱ्याच माणसाचा. म्हणजे एक म्हातारा नट आठ वर्षांपूर्वी गेलेल्या आपल्या जोडीदाराला उद्देशून संवाद म्हणतोय आणि उत्तर परक्याच्या गळ्यातून येतंय. पडद्यावर मात्र दोघंही टवटवीत, गुटगुटीत.

कार्टून जोडीला अमर करतं असं आपण सहज म्हणून जातो. अमर नक्की काय होतं ते या चित्रावरून कळतं. आकार अमर होतो.

शिबपूरचा माणूस

आता कोलकात्याला येऊ.

नारायण देबनाथ यांचा जन्म शिबपूरचा, २५ नोव्हेंबर १९२५ चा. घराणं मूळचं पूर्व बंगालातल्या बिक्रमपूरचं, धंदा सोन्याचांदीचा. पोराला मात्र चित्रांचा नाद. त्यांनी कोलकात्याच्या इंडियन आर्ट कॉलेजात काही वर्षं शिक्षण घेतलं, पण ते पूर्ण केलं नाही. पुढे जाहिरातींसाठी, सिनेमाच्या स्लाइडसाठी चित्रं काढली. १९५० च्या सुमारास एका मित्रामुळे 'देव साहित्य कुटीर' या प्रकाशनसंस्थेत शिरकाव झाला. तिथून 'शुकतारा' हे मुलांचं मासिक निघत असे. १९४८ साली सुरू झालेलं हे मासिक बंगाली घरांमध्ये किती मुरलेलं होतं ते सांगायचं तर आपल्याकडचा 'किशोर' किंवा जुना 'चांदोबा' आठवा.

'शुकतारा'त १९६२ साली देबनाथांची 'हाँदा-भोंदा' ही चित्रमालिका सुरू झाली. या नावांची चित्रं त्याआधीही अधूनमधून येत. काढणारा 'बोलता' असं टोपणनाव घेई. बंगालीत बोलता म्हणजे गांधीलमाशी. पण ती मालिका दर महिन्याची झाली, तिला चेहरामोहरा आला, तो देबनाथांच्या हातून.

नावांकडे जरा बघू. मराठी कानाला 'भोंदा' म्हटलं की लगेच 'भोंदू' आठवतो, म्हणजे फसवणारा. बंगालीत अर्थ उलटा आहे. हाँदा काय, भोंदा काय, दोन्हीचा अर्थ मठ्ठ, बावळट, ठोंब्या. म्हणजे मालिकेचं नावच 'ठोंब्या आणि ठोंब्या' असं. वाचकाला पहिल्याच पानावर बजावलेलं आहे की इथे शहाणा कोणी नाही.

या जोडीमागे लॉरेल-हार्डी आहेत असं नेहमी सांगितलं जातं, आणि एक हडकुळा, एक लठ्ठ बघितल्यावर ते पटतंही. पण मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. देबनाथांनी ती जोडी घेतली आणि उलटी केली.

लॉरेल-हार्डीत रुबाब करतो तो लठ्ठ हार्डी. 'तू बाजूला हो, मी करतो,' हे त्याचं काम. बारीक लॉरेल निमूटपणे मागे चालतो. हाँदा-भोंदात कारस्थानं रचतो तो हडकुळा हाँदा. भोंदा भोळा, खाऊन-पिऊन सुखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हाँदा त्याला गोत्यात आणायला सापळा लावतो आणि शेवटच्या चौकटीत स्वतःच त्यात अडकतो. मग पिशेमोशाय, म्हणजे आत्याचे यजमान, बेचाराम बक्षी, त्याची कानउघाडणी करायला हजर. भोंदा मात्र बाजूला मजेत.

हा बदल किरकोळ नाही. शाळेच्या वर्गात जाड पोरगा हा नेहमीच चेष्टेचा विषय असतो. आपल्या सिनेमा-नाटकांनीही लठ्ठ माणसाला फक्त पडण्यासाठी वापरलं. इथे दर महिन्याला, एखाद-दोन पानांत, जाड पोरगा जिंकत होता, तेही सूड न घेता, केवळ चांगला वागून. बंगालमधल्या किती पिढ्यांतल्या किती गुबगुबीत मुलांनी त्या शेवटच्या चौकटीवर समाधानाचा सुस्कारा सोडला असेल!

सारखीच दोन पोरं

१९६५ साली देबनाथांनी 'बांटुल द ग्रेट' सुरू केला, तोही 'शुकतारा'त. अफाट छातीचा, काडीसारख्या पायांचा तो बलदंड वीर आज बंगालात सर्वांत प्रसिद्ध आहे. आपला विषय जोडीचा असल्यामुळे त्याला नमस्कार करून पुढे जाऊ. १९६९ साली 'किशोर भारती' या दुसऱ्या मासिकात त्यांची दुसरी जोडी आली, 'नोंटे-फोंटे'.

यावेळी देबनाथांनी जाड-बारीकचा आधारच काढून घेतला. नोंटे आणि फोंटे दिसायला जवळजवळ एकसारखे. ओळखायचं तर केसांच्या ठेवणीवरून. दोघं वसतिगृहात राहतात. तिथे केल्टूदा नावाचा थोराड विद्यार्थी आहे, वर्षानुवर्षं नापास होत तिथेच मुरलेला, धाकट्यांवर दादागिरी करणारा. आणि अगडबंब देहाचे सुपरिंटेंडेंट हातिराम पाती आहेत. केल्टूदा सरांची मर्जी मिळवण्यासाठी या दोघांच्या चहाड्या करतो, त्यांचा खाऊ लाटतो आणि अखेरीस सरांचाच मार खातो.

म्हणजे पहिल्या जोडीत भांडण आपसातलं आहे. दुसऱ्या जोडीत दोघं एक आहेत आणि भांडण सत्तेशी आहे. ज्यांनी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत दिवस काढलेत त्यांना केल्टूदा वेगळा सांगावा लागणार नाही. प्रत्येक वसतिगृहात तो असतोच.

बंगालात त्या काळी जोड्यांचा सुकाळच होता, हेही ध्यानात घ्या. सिनेमात भानू बंडोपाध्याय आणि जहर रॉय यांची जोडी एवढी लोकप्रिय की १९७१ साली आलेल्या एका चित्रपटाचं नावच होतं 'भानू गोएंदा जहर असिस्टंट'. नटांच्या खऱ्या नावांवर चित्रपट! आणि नोंटे-फोंटे आले त्याच १९६९ साली सत्यजित राय यांचा 'गुपी गाइन बाघा बाइन' आला. बेसूर गाणारा एक, ढोल बडवणारा एक, दोघांनाही आपापल्या गावातून हाकललेलं. मूळ गोष्ट रायांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१५ साली लिहिलेली. बंगाली विनोदाला एकटा हिरो फारसा मानवत नाही असं कधीकधी वाटतं. त्याला भांडायला, रुसायला, पुन्हा गळ्यात पडायला कुणीतरी लागतं.

कागदावरून पडद्यावर

आता मुख्य मुद्दा. पुढे या मालिकांना अ‍ॅनिमेशनचं रूप मिळालं. हाँदा-भोंदा, नोंटे-फोंटे, बांटुल बंगाली टीव्हीवर आले आणि आता मोबाइलवरही दिसतात. मुलं ती आवडीनं बघतात. मग लॉरेल-हार्डीचं जे झालं तेच इथे झालं का?

थोडं झालं, थोडं नाही.

फरक असा की लॉरेल-हार्डी मुळात हाडामांसाची माणसं होती. त्यांचं चित्र झालं तेव्हा ती कमी झाली. हाँदा-भोंदा मुळातच चित्र. त्यांचा कोणी नट नव्हता, त्यामुळे नटाची उणीव भासायचा प्रश्न नव्हता. उलट चित्राला हालचाल मिळाली, आवाज मिळाला.

पण नेमकी तिथेच अडचण आहे. छापील पानावर वेळ वाचकाच्या हातात असते. सापळा लावल्याची चौकट आणि सापळ्यात पडल्याची चौकट यांच्यामध्ये एक कोरी पट्टी असते. त्या पट्टीत मूल थांबतं. 'आता काय होणार' हे त्याला कळलेलं असतं, तरी ते क्षणभर पुढे जात नाही. हार्डीची जी लांब नजर होती ना, तिची जागा इथे त्या कोऱ्या पट्टीनं घेतलेली असते. पडद्यावर ती पट्टी नाहीशी होते. किती थांबायचं ते आता दिग्दर्शक ठरवतो आणि टीव्हीला थांबायला आवडत नाही. एखाद-दोन पानांची गोष्ट काही मिनिटं चालवायची म्हणजे त्यात भर घालावी लागते. मग पाठलाग लांबतात, आदळआपट वाढते.

दुसरी गोष्ट आवाजाची. देबनाथांच्या पानावर प्रत्येक मूल आपल्या डोक्यातला आवाज लावून वाचत होतं. हावड्यातल्या मुलाचा भोंदा हावड्याचं बंगाली बोलायचा, सिलिगुडीच्या मुलाचा सिलिगुडीचं. पडद्यावर सगळ्यांना एकच आवाज. तो चांगला असेलही, पण तो आपला नसतो.

हे म्हणताना मी कार्टूनवाल्यांना नावं ठेवत नाही. मासिकं वाचणारी मुलं कमी झाली तेव्हा ही पात्रं नव्या पिढीपर्यंत नेली ती याच लोकांनी. आणि बंगालीतून नेली, हे महत्त्वाचं. कारण दुसरा रस्ताही समोर होताच.

तो रस्ता म्हणजे 'मोटू-पतलू'. दिल्लीहून निघणाऱ्या 'लोटपोट' या हिंदी मासिकातली ही जोडी, तिच्याही मागे लॉरेल-हार्डीच. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती निकलोडियनवर कार्टून म्हणून आली. मालिका बनवली मुंबईच्या कॉसमॉस-माया स्टुडिओनं, दिग्दर्शक आपले सुहास कदम नव्हेत हं, सुहास कडव. नाव नीट लक्षात ठेवा, कारण पडद्यामागच्या माणसांची नावं आपण फार लवकर विसरतो. २०१६ साली त्यांनीच या जोडीचा मोठा चित्रपटही केला. समोसे खाणारा मोटू आणि डोकं चालवणारा पतलू भारतभरच्या घरांत शिरले. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं शाळेत जाण्याआधी हिंदी शिकली ती या दोघांकडून.

बंगालात मात्र स्थानिक कार्टूननं पाय रोवले. नदियाच्या राजा कृष्णचंद्रांच्या दरबारातला विदूषक म्हणून ज्याच्या गोष्टी सांगितल्या जातात त्या गोपाल भाँडवर कोलकात्यात कार्टून मालिका तयार झाली. २०१५ पासून 'सोनी आठ' या बंगाली वाहिनीवर तिचे शेकडो भाग झाले. तिथल्या मुलांना विनोद आपल्या भाषेत मिळतो, तो असा.

आणि गुपी-बाघा? त्यांचंही अ‍ॅनिमेशन झालं, आणि ते केलं आपल्या आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी. 'गोपी गवैया बाघा बजैया' हा त्यांचा हिंदी चित्रपट २०१३ चा, बालचित्र समितीनं निर्माण केलेला, भारतात चित्रपटगृहांत लागला २०१९ साली. मला तो इथे सांगावासा वाटतो कारण त्यांनी तपेन चटर्जी आणि रवी घोष यांचे चेहरे उचलले नाहीत. मूळ गोष्टीकडे परत जाऊन नवी माणसं घडवली, कळसूत्री बाहुल्यांसारखी. जुन्या जोडीशी प्रामाणिक राहण्याचा हाही एक मार्ग. आकार सोडायचा आणि नातं जपायचं.

हात थांबल्यावर

देबनाथांकडे वळून शेवट करतो.

महिन्याला एक गोष्ट धरली तरी पन्नास वर्षांच्या सहाशे होतात, आणि ही एकट्या हाँदा-भोंदाची. सोबत बांटुल, सोबत नोंटे-फोंटे. गोष्ट, चित्र, संवाद, सगळं त्यांचंच. स्टुडिओ नाही, सहायकांची फौज नाही. गल्लीतल्या पोरांच्या खोड्या बघून कल्पना सुचायच्या, असं ते सांगत. मान्यता उशिरा आली. २०१३ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार, तेव्हा वय सत्त्याऐंशी. २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पदक हातात पडलं ते जानेवारी २०२२ मध्ये, इस्पितळात, अंथरुणावर. त्यानंतर काही दिवसांतच, १८ जानेवारीला, वयाच्या ९६ व्या वर्षी ते गेले.

आता नव्या गोष्टी कोणी करायच्या? टिनटिनचा जनक एर्जे यानं बजावून ठेवलं होतं की माझ्यानंतर टिनटिनच्या नव्या गोष्टी नकोत. तो १९८३ साली गेला आणि ती इच्छा पाळली गेली. लॉरेल-हार्डीच्या बाबतीत ज्याच्याकडे हक्क त्यानं ठरवलं. दोन्ही टोकं आहेत. मला वाटतं, गोष्टी नव्या करायला हरकत नाही, पण एक कसोटी लावावी. भोंदा अजून न सूड घेता जिंकतो का? नोंटे-फोंटे अजून केल्टूदापुढे एक होतात का? तसं होत असेल तर जोडी जिवंत आहे. फक्त टोपी आणि पोट उरलं असेल तर १९६६ सालची गोष्ट पुन्हा घडली असं समजावं.

आणि हा प्रश्न आपल्यालाही आहे, मंडळी. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवा. १९४० च्या 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ते रंगवले, पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी. एक भिडस्त, बिचकणारा. दुसरा सोटा घेऊन पुढे सरसावणारा. दोन वेगळ्या नट-जोड्यांनी ते केले आणि दोन्ही वेळा लोकांनी ते आपले मानले. याचा अर्थ त्यांचं मर्म चेहऱ्यात नाही, पुस्तकात आहे. उद्या कोणी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत त्यांना कार्टून करायला बसलं तर त्यानं गुंड्याभाऊच्या मिशा किती लांब काढायच्या हे नंतर ठरवावं. आधी 'चिमणरावाचे चऱ्हाट' उघडावं आणि चिमणराव कुठे कुठे थांबतो ते बघावं. आणि ते मराठीतून करावं, म्हणजे मराठी मूल आपल्या भाषेत हसेल. बंगालातलं मूल हसतंय, तसंच.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर घरात जुन्या मासिकांचा गठ्ठा असेल तर रद्दीत घालू नका. आधी मुलांच्या हातात देऊन बघा.

नमस्कार.